कोंबड्याला थंडी नव्हे, कोंदट हवा बाधते

थंडी पडली की आपण दारं-खिडक्या लावून घेतो आणि तोच न्याय कोंबड्याला लावतो. नवी मुंबईच्या जुन्या गावठाणांत कुणाच्या परसात खुराडं असेल, तर त्याला चारी बाजूंनी ताडपत्री आवळली जाते. हेतू मायेचा असतो. पण पक्ष्याला त्रास होतो तो इथेच.

कोंबड्याच्या अंगाचं तापमान माणसापेक्षा जास्त, सुमारे ४१ अंश सेल्सिअस. त्यानं पिसं फुलवली की त्यांत हवा अडकून राहते आणि तीच त्याची गोधडी होते. बर्फाच्या मुलखात कोंबड्याचा तुरा गोठून काळा पडतो. आपल्या खाडीकाठी पारा तेवढा उतरत नाही. इथे भीती ओलाव्याची. श्वासाची वाफ आणि विष्ठेतून उठणारा अमोनिया बंद खुराड्यात साठतो. त्यानं डोळे चुरचुरतात, श्वासनळीला इजा होते.

म्हणून वाऱ्याच्या बाजूला गोणपाट बांधा. पण छपराखाली वीतभर जागा जाळी मारून उघडी ठेवा. खाली भाताचं तूस पसरा. मुठीत दाबल्यावर त्याचा गोळा झाला, तर ते बदला. बसायला रुंद दांडा द्या, म्हणजे पाय पोटाच्या पिसांखाली झाकले जातात. सांजेला मूठभर मका किंवा ज्वारी टाका. ती पचताना रात्री अंगात ऊब राहते. बल्ब हवा तो लहान पिल्लांना, मोठ्या कोंबड्याला नव्हे.

पहाटे खुराड्यापाशी वाकून एकदा वास घ्या. नाक झोंबलं, तर समजा, त्यानं रात्र थंडीत नाही, कोंडमाऱ्यात काढली.