अत्तर संपले, कुपी बोलते

नाणेघाटाच्या माथ्यावर दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत, असे जुन्नरकर सांगतात. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतला माल याच वाटेने सातवाहनांच्या जुन्नरला चढे. इथल्या लेण्यांत इरिल, चिट आणि चंद्र या तीन यवनांची दाने कोरलेली आहेत. एकाने पाण्याची टाकी दिली, एकाने भोजनमंडप.

‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातल्या ग्रीक व्यापारी पुस्तकात भडोचला येणाऱ्या मालाची यादी आहे. तीत कच्ची काच आहे आणि सुगंधी तेलही. मात्र ते फार किमती नसावे आणि थोडेच आणावे, असे लेखक बजावतो. आपले गिऱ्हाईक तेव्हाही हिशेबी! उलट दिशेने इथून जटामांसी जाई आणि रोमच्या महागड्या अत्तरांत पडे.

ते अत्तर भरायचे कशात? मातीचे भांडे तेल पिते, वासही धरून ठेवते. काचेत काही मुरत नाही. पण पूर्वी मातीच्या गाभ्याभोवती वितळलेली काच गुंडाळून एकेक कुपी घडवावी लागे. इ.स.पू. पहिल्या शतकात सिरिया-पॅलेस्टाइनच्या बाजूला नळीने काच फुंकण्याची युक्ती सापडली आणि काम काही क्षणांवर आले. रोममध्ये काचेचा पेला तांब्याच्या नाण्याला मिळतो, असे स्ट्रॅबो लिहितो. कुपीची मान अरुंद ठेवत. वास कमी उडतो, तेल थेंबाथेंबाने पडते. अशा कुपीत शोक करणाऱ्यांचे अश्रू साठवत, हा समज पुढे रसायनशास्त्राने खोडला. आत तेलाचे अंश निघाले.

स्पेनमधल्या कार्मोना इथे 2019 मध्ये एका रोमन थडग्यात स्फटिकाची कुपी मिळाली. बूच डांबराने बंद, म्हणून आतला ऐवज टिकला. कोर्दोबा विद्यापीठाने 2023 मध्ये निष्कर्ष छापला: वनस्पती तेलात पॅचौली. म्हणजे आपल्याकडे वेणीत माळतात, त्या पाचेच्याच गोतातली!

जुन्नर-आंबेगावच्या शिवारात नांगराला जुनी काच लागलीच, तर ती घासूनपुसून लख्ख करू नका. तिच्यावरची मोरपंखी झाक म्हणजे मळ नव्हे. मातीतल्या ओलाव्याने काचेतला क्षार झिरपून गेला, की सिलिकाचे पातळ पापुद्रे उरतात. ते घासले की सुटतात. आतली माती तशीच राहू द्या आणि तलाठ्याला किंवा पुरातत्त्व खात्याला कळवा. दोन हजार वर्षांपूर्वीचा वास त्या चिमूटभर मातीतच असतो.