पाठीवरचा पंप आणि बुडणारा रोज

कपाशी छातीला लागली की मोताळा तालुक्यातील धामणगाव बढे परिसरात फवारणीचे दिवस येतात. कारखान्यात सुरक्षेचे नियम भिंतीवर तरी असतात. बांधावर तेही नाहीत. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. कपाशी उंच वाढलेली, त्यामुळे फवारा थेट तोंडावर येत होता.

ऑर्गनोफॉस्फेट गटातील औषधे कातडीतूनही अंगात भिनतात. नसांचा संदेश वेळेवर थांबवणारे विकर ती निकामी करतात; मग लाळ, घाम, अंधुक दिसणे, धाप.

मास्क ही शेवटची पायरी. आधी फवारणी गरजेची आहे का, हे पाहावे. गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री रोज आठ पतंग सापडल्याखेरीज पंप उचलू नये. डब्यावर लाल त्रिकोण असेल, तर ते सर्वांत जहाल. वाऱ्याकडे पाठ ठेवावी.

खरी अडचण वेगळीच. चक्कर येते म्हटले की रोज बुडतो, म्हणून मजूर गप्प राहतो. त्या दिवसाची पूर्ण मजुरी मालकाने आधीच कबूल करावी. त्रास होताच कपडे उतरवून साबणाने अंग धुवावे आणि दवाखान्यात जाताना औषधाचा डबा सोबत न्यावा.