तान्ह्या बाळाचे अविरत रडणे : बालपोटशूळाची संकल्पना, कारणमीमांसा व उपाययोजना

प्रस्तावना :

मानवी अपत्य जन्मतः पूर्णपणे परावलंबी असते. भाषा अवगत होण्यापूर्वी आपली गरज व्यक्त करण्याचे त्याचे प्रमुख साधन म्हणजे रडणे होय. भूक, ओले दुपटे, थंडी, उकाडा किंवा झोपेची गरज या कारणांनी रडणारे बाळ ती गरज भागताच शांत होते. परंतु काही बालके पोट भरलेले असतानाही, बहुधा सायंकाळच्या सुमारास, मुठी आवळून, पाय पोटाशी ओढून, चेहरा लालबुंद होईपर्यंत रडत राहतात. 'पोटात गुबारा धरला', 'तिन्हीसांजेला दृष्ट लागली', 'आईचे दूध पुरत नाही' अशी विविध स्पष्टीकरणे अशा वेळी घरात पुढे येतात. वैद्यकशास्त्रात या अवस्थेस 'इन्फंटाइल कोलिक' म्हणतात. मराठीत तिला 'बालपोटशूळ' म्हणता येईल. ही अवस्था स्वतः निरुपद्रवी असली, तरी तिच्यावर केले जाणारे उपाय सर्वच निरुपद्रवी नसतात. म्हणून तिची संकल्पना, कारणे व उपाययोजना यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

संकल्पनेचे स्वरूप :

बोलता न येणाऱ्या बालकाची वेदना कशी ओळखावी, हा प्रश्न जुना आहे. आयुर्वेदातील बालरोगविषयक ग्रंथ 'काश्यपसंहिता' याच्या वेदनाध्यायात पोटशूळ झालेले बाळ स्तन नाकारते, रडते, त्याचे पोट ताठरते व तोंडावर घाम येतो, असे वर्णन आढळते. आधुनिक काळात अमेरिकन बालरोगतज्ज्ञ मॉरिस वेसेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ मध्ये 'तीनचा नियम' मांडला. अन्यथा निरोगी असलेले बाळ दिवसातून तीन तासांपेक्षा अधिक, आठवड्यातून तीन दिवसांपेक्षा अधिक आणि तीन आठवड्यांहून अधिक काळ रडत असेल, तर त्यास पोटशूळ समजावे, असा हा नियम होय. २०१६ च्या 'रोम-४' निकषांनी तासांच्या मोजमापाचे महत्त्व प्रत्यक्ष उपचारापुरते कमी केले. पाच महिन्यांच्या आतील बाळाचे उघड कारणाशिवाय वारंवार व दीर्घकाळ रडणे, पालकांना ते थांबविता न येणे, तसेच ताप, आजार वा वाढ खुंटल्याची लक्षणे नसणे, हे आज निदानाचे आधार मानले जातात.

रडण्याचा कालक्रम :

बेरी ब्रेझल्टन यांनी १९६२ मध्ये ८० निरोगी बालकांच्या रडण्याच्या दैनंदिन नोंदी प्रसिद्ध केल्या. दुसऱ्या आठवड्यात बाळे दिवसाला सुमारे पावणेदोन तास, तर सहाव्या आठवड्यात सुमारे पावणेतीन तास रडत होती. त्यानंतर हे प्रमाण उतरत गेले. २०१७ मध्ये डीटर वोल्के व सहकाऱ्यांनी अनेक देशांतील अशा नोंदींचे एकत्रित विश्लेषण केले. त्यानुसार पहिल्या सहा आठवड्यांत साधारण १७ ते २५ टक्के बालकांत पोटशूळाचे निकष पूर्ण होतात, तर दहा ते बारा आठवड्यांच्या वयात हे प्रमाण एक टक्क्याच्याही खाली येते. मुदतपूर्व जन्मलेल्या बालकांत हा शिखरबिंदू जन्मतारखेपासून नव्हे, तर प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजलेल्या सहाव्या आठवड्याच्या आसपास येतो.

या कालक्रमातून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, पोटशूळ हा वेगळा रोग नसून सर्वच बालकांत दिसणाऱ्या रडण्याच्या चढउताराचे ते बहुधा टोकाचे रूप आहे. दुसरा असा की, अडीच-तीन महिन्यांत हे रडणे आपोआप कमी होत असल्याने त्या सुमारास चाललेल्या कोणत्याही उपायाला यशाचे श्रेय मिळते. काढा, ताईत, औषध वा दूध बदलणे यांपैकी जे शेवटी केले, ते 'लागू पडले' अशी समजूत रूढ होण्याचे हे एक कारण आहे.

कारणमीमांसा :

'कोलिक' हा शब्दच ग्रीक भाषेतील मोठ्या आतड्याच्या नावावरून आला आहे. त्यामुळे दुखणे पोटातच असणार, हे गृहीत धरले गेले. प्रत्यक्षात पोटातील वायू हा बऱ्याचदा रडण्याचे कारण नसून रडताना गिळलेल्या हवेचा परिणाम असतो. ज्या कारणांचा आज विचार होतो ती पुढीलप्रमाणे आहेत. (१) जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यांत मज्जासंस्था अपरिपक्व असते. दिवसभरातील उत्तेजनांनी थकलेल्या बाळाला स्वतःस शांत करता येत नाही. (२) पोटशूळ असणाऱ्या बालकांच्या आतड्यांतील सूक्ष्मजीवांची रचना काहीशी वेगळी आढळते. (३) थोड्या बालकांत गाईच्या दुधातील प्रथिनांची अ‍ॅलर्जी असते. अशा वेळी शौचातून रक्त, इसब किंवा वारंवार उलट्या ही अन्य लक्षणेही सामान्यतः दिसतात. (४) मायग्रेन असणाऱ्या मातांच्या बालकांत पोटशूळ अधिक आढळतो, असाही संबंध नोंदविला गेला आहे. या कारणांपैकी कोणतेही एक सर्व बालकांना लागू पडत नाही. मातेच्या दुधाचा दर्जा किंवा तिचे संगोपनकौशल्य हे मात्र यांत कोठेही बसत नाही.

शांत करण्याचे उपाय :

सर्वप्रथम भूक, ओलेपणा, अधिक कपडे, बोटाला वा लिंगाला गुंडाळलेला केस यांसारखी साधी कारणे तपासावीत. त्यानंतर बाळाला छातीशी त्वचेस त्वचा लावून धरणे, खांद्यावर घेऊन संथ फिरणे, पाळण्यात हलके झुलविणे, मंद स्वरात अंगाई गाणे, दिवे व आवाज कमी करणे हे उपाय करावेत. ते एकापाठोपाठ एक घाईने न बदलता प्रत्येकास काही मिनिटे द्यावीत. हुंझिकर व बार यांच्या १९८६ च्या प्रयोगात रोज अधिक वेळ कडेवर घेतलेली सामान्य बाळे सहाव्या आठवड्यात ४३ टक्के कमी रडली. पोटशूळ असणाऱ्या बालकांत मात्र नंतरच्या प्रयोगात असा फरक दिसला नाही. 'कडेवर घेतल्याने सवय लागते' ही भीती या वयात अनाठायी आहे, परंतु जवळ घेऊनही रडे न थांबणे हे पालकांचे अपयश नव्हे.

ढेकर काढण्याचेही असेच आहे. चंदीगड येथे ७१ माता-बालकांच्या जोड्यांवर झालेल्या प्रयोगात ढेकर काढल्याने पोटशूळ कमी झाला नाही, उलट दूध बाहेर टाकण्याचे प्रमाण वाढले. सिमेथिकोनच्या थेंबांचा प्रभाव औषधविरहित थेंबांपेक्षा अधिक आढळलेला नाही. 'लॅक्टोबॅसिलस रॉयटेरी' या जिवाणूचे थेंब केवळ अंगावर पिणाऱ्या बालकांत उपयुक्त ठरल्याचे २०१८ च्या एकत्रित विश्लेषणात दिसले. तथापि ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्यावेत.

टाळावयाचे उपाय :

ग्राइपवॉटरची परंपरा १८५१ मध्ये विल्यम वुडवर्ड यांनी इंग्लंडमध्ये सुरू केली. त्याच्या मूळ मिश्रणात मद्यार्क होता. आजच्या मिश्रणांतून तो वगळलेला असला, तरी त्यांची उपयुक्तता सिद्ध झालेली नाही. पहिले सहा महिने केवळ मातेचे दूध द्यावे या जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीत ग्राइपवॉटर, मध किंवा वेखंड-मुरुडशेंगेची गुटी बसत नाही. मधामुळे एक वर्षाखालील बालकांत बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. डायसायक्लोमाइन हे औषध श्वास थांबण्याच्या धोक्यामुळे सहा महिन्यांखालील बालकांत निषिद्ध आहे.

रडणाऱ्या बाळापुढची हतबलता माणसाला कोठवर नेते, याची उदाहरणे महाराष्ट्रातच आहेत. १९२० च्या दशकात मुंबईतील गिरणी कामगार स्त्रियांना कामावर जाण्यासाठी बाळे निजवून ठेवावी लागत. त्यांना 'बाळागोळी' ही अफूयुक्त गोळी दिली जात असे, हे तत्कालीन अहवालांत नमूद आहे. मेळघाटात पोट फुगलेल्या बालकाच्या पोटावर तापलेल्या विळ्याचे चटके देण्याची प्रथा आजही अधूनमधून उघडकीस येते. या मातांना क्रूर वा अज्ञानी ठरविणे सोपे आहे. परंतु त्यांच्याजवळ रात्रीच्या वेळी विश्वासाने विचारावे असे कोणी नव्हते, हे विसरता कामा नये.

धोक्याची चिन्हे व मातेचे स्वास्थ्य :

तीन महिन्यांखालील बालकास ३८ अंश सेल्सिअस वा अधिक ताप, अंगावर न पिणे, हिरवी उलटी, शौचात रक्त, ताठरलेले पोट, सुस्ती, वजन न वाढणे किंवा रडण्याचा सूर एकाएकी बदलणे यांपैकी काहीही आढळल्यास पोटशूळ न समजता तत्काळ रुग्णालयात जावे.

सततचे रडणे हे बाळाला रागाने गदगदा हलविण्यामागील सर्वांत परिचित कारण आहे. तसे केल्याने मेंदूत रक्तस्राव होऊन बाळ दगावू शकते. संयम सुटतो आहे असे जाणवताच बाळाला पाळण्यात उताणे ठेवून पाच-दहा मिनिटे दूर जाणे हा निष्काळजीपणा नसून सुरक्षित उपाय आहे. पोटशूळ असणाऱ्या बालकांच्या मातांत नैराश्याची लक्षणे अधिक आढळतात. त्यामुळे बाळासोबत मातेचीही चौकशी होणे आवश्यक ठरते.

समारोप :

बालपोटशूळावर हमखास औषध नाही, परंतु त्याचा शेवट निश्चित आहे. मधल्या दहा-बारा आठवड्यांत बाळाला अपाय न होणे आणि मातेला दोष न लागणे, हेच खरे उपचार होत. महाविद्यालयीन शिक्षकांचा या विषयाशी निकटचा संबंध आहे. २०१७ च्या दुरुस्तीनंतर नोकरदार स्त्रीस पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची प्रसूती रजा मिळते व रडण्याचा शिखरकाळ त्या रजेत सरतो. मात्र वर्गातील विवाहित विद्यार्थिनी सहाव्या आठवड्यात परीक्षेला बसलेली असू शकते. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२१ मध्ये अशा विद्यार्थिनींना प्रसूती रजा व हजेरीत सवलत देणारे नियम करावेत असे विद्यापीठांना कळविले होते. आपल्या महाविद्यालयात ती सवलत प्रत्यक्ष मिळते का, हे पाहणे आणि 'तुझे दूध कमी पडते' या वाक्याऐवजी 'हे तिसऱ्या महिन्यापर्यंत ओसरते' हे वाक्य तिच्यापर्यंत पोहोचविणे, एवढे तरी आपल्या हाती निश्चित आहे.