अडलेले गणित कसे विचारावे?



कामगार संघटनेच्या कामात आयुष्य घालविलेल्या माणसाने पदार्थविज्ञान आणि गणित यांवर बोलावे, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटेल. मी विद्वान नाही. दहावीनंतर माझी शाळा सुटली. पुढे जे काही शिकलो ते लेथसमोर उभे राहून आणि रात्री पुस्तके चाळून. म्हणूनच आजचा विषय मुद्दाम निवडला आहे. कॉलेजात शिकणारा मुलगा एखाद्या उदाहरणाशी अडला, तर त्याने मदत कशी मागावी आणि दुसऱ्याने ती कशी द्यावी, एवढाच तो विषय. दिसायला लहान आहे. पण ज्या घरातले पहिलेच मूल कॉलेजची पायरी चढले आहे, त्या घराचे पुष्कळसे भवितव्य या लहानशा गोष्टीवर अवलंबून असते.

गेल्या पावसाळ्यातली हकीकत सांगतो. आमच्या एका सोबत्याचा मुलगा संध्याकाळी युनियनच्या कचेरीत आला. बी. एस्सी.चे दुसरे वर्ष. वडिलांना न सांगता आला होता. थोडा वेळ घुटमळला आणि म्हणाला, "काका, तुमच्या ओळखीने कुठे काम मिळेल का? मला हे शिक्षण जमत नाही."

"काय जमत नाही?"

"फिजिक्स."

"अरे, फिजिक्स केवढे मोठे! त्यातले नेमके काय?"

तेव्हा त्याने पिशवीतून वही काढली. सबंध विषय जमत नाही म्हणणाऱ्या त्या मुलाचे गाडे त्या दिवशी एकाच उदाहरणात रुतले होते.

उदाहरण असे होते: तीस अंशांच्या उतरणीवरून एक भरीव दंडगोल न घसरता गडगडत खाली येतो. घर्षण गुणांक ०.४ आहे. तर दंडगोलाचे त्वरण किती? मुलाने सुरुवात रीतसर केली होती. वजनाचा उताराच्या दिशेने ओढणारा भाग निम्मा, हे बरोबर काढले होते. घर्षण उलट दिशेने खेचते, हेही बरोबर. मग घर्षण म्हणजे गुणांक गुणिले उतरणीवरचा लंब दाब, असे सूत्र घालून त्याने उत्तर काढले: दर सेकंदाला वेगात सुमारे १.५ मीटरची वाढ. पुस्तकामागचे उत्तर ३.२७. पाच वेळा केले, पाचही वेळा १.५. वर्गात विचारावे तर हसतील, ही भीती. एका मित्राने मोबाइलवर सबंध उत्तर काढून दिले. ते याने उतरूनही घेतले. पण त्यात पुस्तकाचे बरोबर कसे एवढेच होते. आपले चुकले कोठे, ते नव्हते.

मी त्याला उत्तर सांगितले नाही. म्हटले, "तू जे घर्षण धरलेस, त्याने दंडगोल किती फिरेल तेही काढून पाहा." त्याने काढले. कडेचे त्वरण आले ६.८. "म्हणजे दंडगोल पुढे जातो १.५ने आणि कड फिरते ६.८ने. न घसरता गडगडायचे तर हे दोन आकडे सारखे हवेत ना? हे तर चिखलात रुतलेल्या ट्रकचे चाक झाले!" त्याचे उत्तर चुकल्याचे पुस्तकाने सांगायची गरजच नव्हती, ते उत्तर स्वतःच तशी साक्ष देत होते.

मग मी विचारले, "आपल्या पतपेढीत सभासदाला पन्नास हजारांपर्यंत कर्ज मिळते. म्हणून प्रत्येकाच्या नावावर पन्नास हजार कर्ज आहे काय?" तो हसला. "नाही, ती मर्यादा झाली. ज्याला जेवढी गरज तेवढे तो घेतो." आणि मध्येच थांबून वहीकडे पाहू लागला. "काका, म्हणजे घर्षणही...?"

होय, घर्षणही तसेच. वस्तू घसरत नसते तेव्हा सूत्राने येणारा आकडा ही घर्षणाची कमाल मर्यादा असते. प्रत्यक्ष घर्षण लागेल तेवढेच असते. या उदाहरणात मर्यादा आहे वजनाच्या सुमारे एकतृतीयांश, आणि गरज आहे फक्त एकषष्ठांश. ते घर्षण आधी धरायचे नसते, शोधायचे असते. पुढे जाण्याचे एक समीकरण आणि फिरण्याचे एक, अशी दोन समीकरणे मांडली की घर्षण व त्वरण दोन्ही हाती येतात. घर्षणच नसलेल्या उतरणीवर नुसती घसरणारी वस्तू ४.९ने खाली येते. भरीव दंडगोल त्याच्या दोनतृतीयांशाने, म्हणजे ३.२७ने. वजन आणि जाडी दोन्ही हिशेबातून गळून पडतात. लहान असो वा मोठा, दोन भरीव दंडगोल बरोबरच तळाला पोहोचतात. मात्र पातळ पोकळ नळी निम्म्याने, २.४५ने येते, कारण तिचे सारे वस्तुमान कडेला असल्याने पडण्यातून मिळालेल्या शक्तीचा मोठा वाटा नुसत्या फिरण्यात खर्च होतो. कचेरीतल्या फळीखाली विटा ठेवून आम्ही सळईचा एक तुकडा आणि पाइपचा एक तुकडा एकदम सोडले. सळई पुढे, पाइप मागे. मुलाने तेच चार वेळा करून पाहिले.

आता यातून काय घ्यावयाचे? आमच्याकडे कामगार येतो आणि म्हणतो, "साहेब, फार अन्याय होतो." एवढ्यावर अर्ज लिहिता येत नाही. कोणत्या तारखेला, कोणत्या पाळीला, किती तास, आणि कराराच्या कोणत्या कलमाविरुद्ध, हे कळले म्हणजे भांडता येते. "मला गणित येत नाही" ही तक्रारही तशीच मोघम आहे. ती घेऊन येणाऱ्याने चार गोष्टी कराव्यात. दिलेले काय आणि मागितलेले काय, ते आपल्या शब्दांत लिहावे. स्वतः केलेला प्रयत्न, खोडलेल्या ओळींसह, बरोबर आणावा. चूक त्या खोडलेल्या ओळींतच सापडते. "येथपर्यंत समजले, येथून नाही" असे बोट ठेवावे. आणि मदत मिळाल्यावर वही मिटून, आकडे बदलून तेच उदाहरण एकट्याने पुन्हा सोडवावे. जॉर्ज पोल्या या हंगेरियन गणितज्ञाने १९४५ साली निघालेल्या आपल्या पुस्तकात उदाहरण सोडविण्याच्या चार पायऱ्या सांगितल्या: प्रश्न समजून घेणे, योजना आखणे, ती पार पाडणे आणि मागे वळून पाहणे. आमचा मुलगा अडला होता तो या चौथ्या पायरीवाचून.

विचारण्यात कमीपणा नाही, हेही सांगितले पाहिजे. मायकेल फॅरडे लोहाराचा मुलगा. बुकबाइंडरच्या दुकानात उमेदवारी करणारा. १८१२ साली त्याने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हम्फ्री डेव्हीची व्याख्याने ऐकली. त्यांची टिपणे नीट उतरवून, बांधून त्याने डेव्हीकडे पाठविली आणि काम मागितले. १८१३ साली त्याला प्रयोगशाळेत जागा मिळाली. पाहा, तोही रिकाम्या हातांनी गेला नाही. पुढे १८३१मध्ये ज्याने चुंबकापासून वीज निर्माण करून दाखविली, त्याला उच्च गणित मात्र आयुष्यभर आले नाही. १८५७ साली, वयाच्या ६६व्या वर्षी, त्याने २६ वर्षांच्या मॅक्सवेलला पत्र लिहून विचारले की, गणितज्ञांना जे निष्कर्ष सूत्रांत मिळतात ते साध्या भाषेतही सांगता येणार नाहीत काय? जगन्मान्य शास्त्रज्ञाला आपल्याहून चाळीस वर्षांनी लहान माणसाला विचारण्यात संकोच वाटला नाही. आमच्या वीस वर्षांच्या मुलांना तो का वाटावा?

त्याचे उत्तर आपण मोठ्या माणसांनीच द्यावयाचे आहे. तरुणपणी एका रात्रीच्या वर्गात मी त्रिकोणमितीतली एक शंका विचारली. शिक्षक म्हणाले, "एवढे येत नाही, तर येथे आलास कशाला?" मी दुसऱ्या दिवसापासून गेलो नाही. पुढे दोन वर्षांनी, लेथवर टेपर कापताना कोन चुकू लागला, तेव्हा शेजारच्या वयस्क टर्नरने काम थांबविले आणि म्हणाले, "दाखव, कसा काढलास." तुला येत नाही, असे म्हणाले नाहीत. माझ्या कागदावर त्यांनी पाहिले: दोन व्यासांतला फरक मी निम्मा न करताच लांबीने भागला होता. चूक माझ्याकडूनच वदवून घेतली. पहिल्या माणसाने माझी दोन वर्षे नेली. दुसऱ्याने एका चहाच्या सुट्टीत ती परत दिली.

आज उत्तरांचा तुटवडा राहिलेला नाही. मोबाइलवर क्षणात उत्तर मिळते, आणि ते पुष्कळदा बरोबरही असते. तुटवडा आहे तो "दाखव, कसा काढलास" असे म्हणणाऱ्या माणसांचा. आपल्या गावात निवृत्त प्राध्यापक आहेत, इंजिनिअर आहेत, कारखान्यात हात काळे केलेले जुने कारागीर आहेत. आठवड्यातून एक संध्याकाळ, वाचनालयात एक टेबल आणि चार खुर्च्या, एवढेच लागते. आमच्या कचेरीत दर गुरुवारी आम्ही ते सुरू केले आहे. तो मुलगा येतो. नोकरीची गोष्ट त्याने पुन्हा काढलेली नाही. कधी मला न येणारे उदाहरण आणतो. मग आम्ही दोघेही बोट ठेवतो आणि ज्याला येते त्याच्याकडे जातो.

माझी आपणांस एवढीच विनंती आहे की, उद्या आपल्या दाराशी असे एखादे मूल वही घेऊन उभे राहिले, तर त्याला उत्तर देण्याची घाई करू नका. त्याला आधी बसावयास सांगा, आणि विचारा, "अडले कोठे?"