मुंबई बेटाचा दस्त आणि आपले व्यवहार

मुंबईत खोली किंवा गाळा घेताना आपले लोक पहिला प्रश्न विचारतात भावाचा आणि दुसरा क्षेत्रफळाचा. देणाऱ्याकडे ती जागा कोठून आली, कोणत्या हक्काने आली, त्या हक्काबरोबर कोणती बंधने आली, हे विचारण्याचा आपल्याला संकोच वाटतो. ओळखीचा माणूस आहे, जमातीतला आहे, त्याच्यावर अविश्वास कसा दाखवायचा? मग काही वर्षांनी इमारत पुनर्विकासाला निघते आणि तेव्हा कळते की जमीन एकाची, इमारत दुसऱ्याची आणि भाडेपावती तिसऱ्याच्याच नावाची आहे. डोंगरी, माझगाव, भायखळा, माहीम या भागांत असे प्रसंग नवीन नाहीत.

ज्या शहरात हे घडते, ते शहरच अनेकदा एका हातातून दुसऱ्या हातात लेखी दस्ताने गेलेले आहे. त्या दस्तांत जे गोंधळ झाले, तेच आज आपल्या खोल्यांच्या आणि गाळ्यांच्या कागदांत होतात. म्हणून व्यापार-उद्योगाच्या या पानावर आज थोडा इतिहास सांगण्याची परवानगी आम्ही वाचकांकडून मागतो.

पहिला दस्त एका मुस्लिम सुलतानाचा आहे. हुमायूनच्या दबावाखाली सापडलेला गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने २३ डिसेंबर १५३४ रोजी वसईच्या तहाने वसई, तिचा मुलूख, बेटे आणि समुद्र पोर्तुगीजांना दिला. मुंबईची बेटे त्यातच आली. तहात नुसती जमीन नव्हती. गुजरातेतून तांबड्या समुद्राकडे जाणाऱ्या जहाजांनी वसईहून निघावे, परततानाही तेथेच येऊन जकात भरावी, इतर जहाजांनी पोर्तुगीजांचा परवाना घ्यावा, सुलतानाने आपल्या बंदरांत लढाऊ जहाजे बांधू नयेत, अशा अटी होत्या. म्हणजे जमिनीबरोबर समुद्रावरचा व्यापारी हक्कही गेला, आणि व्यापाऱ्याच्या दृष्टीने हे दुसरे नुकसान पहिल्यापेक्षा मोठे होते. वसईच्या उत्पन्नातून मशिदींसाठी जी रक्कम दिली जाई, ती पुढेही चालू ठेवावी असे एक कलम मात्र या व्यवहारात घातले गेले. मिळकत देतानाही तिच्यावरचा जुना बोजा कागदावर कायम ठेवता येतो, याचा हा चारशे नव्वद वर्षांपूर्वीचा दाखला आहे.

दुसरा दस्त लग्नाचा. २३ जून १६६१ च्या तहानुसार इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याने पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन हिच्याशी लग्न करायचे ठरवले आणि इतर गोष्टींबरोबर मुंबई त्याला मिळायची होती. (हुंड्याचा रोग केवळ आपल्याच देशात आहे असे समजणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.) अकराव्या कलमात मुंबईचे बंदर व बेट, त्याबरोबरचे सर्व हक्क, उत्पन्न, मुलूख आणि त्याला जोडून असलेले सर्व काही, असा मजकूर होता. वाचायला भरभक्कम वाटतो. पण बेटाला जोडून असलेले म्हणजे नेमके काय? माहीम त्यात येते की नाही? साष्टी आणि ठाणे? चतुःसीमा लिहिलीच नव्हती. इंग्रज म्हणत की सगळे त्यात आले, पोर्तुगीज म्हणत की फक्त मुंबईचे एक बेट.

सप्टेंबर १६६२ मध्ये इंग्रजांचे आरमार ताबा घ्यायला आले. पोर्तुगीज व्हाइसरॉय आंतोनिओ दे मेल्लो दे कास्त्रो याला ही देणगी मुळीच मान्य नव्हती. इंग्रज मुंबईत बसले की हिंदुस्थान आपल्या हातून गेलाच, असे त्याचे मत होते आणि ते त्याने आपल्या राजाला कळवलेही. उघड नकार देता येईना, म्हणून त्याने हुशार माणसाची वाट धरली. तुमचे अधिकारपत्र नियमाप्रमाणे नाही, अशी हरकत घेतली. आपल्याकडे सोसायटीचे सेक्रेटरी नाहरकत दाखला अडवून ठेवतात, तसाच हा प्रकार! नियुक्त गव्हर्नर सर अब्राहम शिपमन आपले लोक घेऊन कारवारजवळच्या अंजदीव बेटावर थांबला. तेथे रोगराईने माणसे मेली, ऑक्टोबर १६६४ मध्ये स्वतः शिपमनही मेला. कित्येकशे सैनिकांपैकी शंभरही उरले नाहीत. एका सदोष कागदाची ही किंमत होती.

शिपमनने मरताना आपल्या मृत्युपत्रात हंफ्री कुक या आपल्या सेक्रेटरीला नेमले होते. आता नवा वाद. ताबा शिपमनला द्यायचा असे फर्मान, तो तर गेला. मेलेल्या माणसाने दिलेला अधिकार चालतो का? आजच्या आपल्या कायद्यात मुखत्यारपत्र देणारा किंवा घेणारा मेला की सर्वसाधारणपणे मुखत्यारी संपते, आणि केवळ मुखत्यारपत्रावर घर विकले तर मालकी बदलत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले आहे. तरीही स्वस्तात मिळते म्हणून असे व्यवहार करणारे आमच्या पाहण्यात आहेत.

कुकची बाजू कमकुवत होती, म्हणून त्याने व्हाइसरॉयच्या अटींवर सही केली. माहीम सोडले. वांद्र्याच्या लोकांना मुंबईत जकात माफ केली. पोर्तुगीज गावांतून पळून आलेले कुणबी, भंडारी परत पाठवायचे, हेही कबूल केले. राजांच्या या देवाणघेवाणीत जमिनीबरोबर कष्टकरी माणसेही बांधलेली होती आणि त्यांना कोणी विचारले नव्हते. इंग्लंडच्या राजाने हा करार मानला नाही, कुकने स्वतःच लवकरच माहीम ताब्यात घेतले, आणि वाद चालूच राहिला. खाडीच्या वाटेने जाणाऱ्या मालावर पोर्तुगीज ठाणे आणि उरणजवळच्या करंजा येथे जकात घेत राहिले. बेट मिळाले, वाट मिळाली नाही.

ताबा देण्याचा प्रसंग पाहण्यासारखा आहे. १८ फेब्रुवारी १६६५ रोजी आजच्या टाऊन हॉलच्या मागच्या बाजूस असलेल्या मोठ्या वाड्यात कागद झाले. वाडा बेटाची जमीनदारीण दोना इनेस दे मिरांडा हिचा. कुकने हातात माती आणि दगड घेतले, बुरुजांवर चालला, भिंतींना हात लावला, आणि हे सर्व दस्तात लिहून घेतले. आमच्या वाचकांना हे परके वाटू नये. आपल्या शरियतमध्ये हिबा पुरा होण्यासाठी देणाऱ्याचा शब्द, घेणाऱ्याचा स्वीकार आणि प्रत्यक्ष ताबा या तिन्ही गोष्टी लागतात. तोंडी हिबा आपल्या कायद्यातही चालतो, पण बापाने मुलाला घर हिबा केले आणि किल्ल्या, भाडे, कर सर्व स्वतःकडेच ठेवले, तर भाऊ-बहिणी कोर्टात जातात तेव्हा ताब्याचाच पुरावा मागितला जातो. सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची आणि साक्षीदार घेण्याची ताकीद आहे. ही कुरआनातील सर्वांत लांब आयत आहे. आम्ही ती पठण करतो आणि व्यवहार तोंडी करतो.

राजाला बेट परवडेना. २७ मार्च १६६८ च्या सनदेने त्याने ते ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंड सोन्याच्या बदल्यात दिले. भाडे किती कमी, याचेच लोकांना आश्चर्य वाटते. आम्हाला पुढची गोष्ट महत्त्वाची वाटते. कंपनीला बेट मिळाले तरी बेटावर आधीपासून जमीन कसणारे, नारळीच्या वाड्या असणारे लोक होते. त्यांचे हक्क वरचा मालक बदलल्याने संपत नव्हते. देणाऱ्याकडे जेवढे होते तेवढेच घेणाऱ्याला मिळते, हा नियम राजालाही लागू होता. कोणाची जमीन कोणती, यावर झगडे चालले, आणि अखेर गव्हर्नर जेराल्ड ऑंजियर याने १६७२ मध्ये जमीनधारकांशी तडजोड केली. धारकांनी सामाईक वर्षाला वीस हजार झेराफीन द्यायचे, कंपनीने त्यांच्या जमिनी कायम करायच्या.

त्या तडजोडीतून निघालेला शब्द 'पेन्शन अँड टॅक्स' आजही शहराच्या जमीन नोंदींत सापडतो. पोर्तुगीज भाषेतील फोरो म्हणजे खंड, त्यावरून 'फोरास', आणि फोरास रोडचे नावही त्यावरूनच. 'फजंदारी' हाही त्याच काळाचा वारसा. फजंदारी जागेत जमीन एकाची असते, त्याला ठरलेले अल्प भाडे मिळते, आणि त्या जमिनीवर इमारत दुसऱ्याने बांधलेली असते. इमारत मालकाने खोली विकली वा पागडीने दिली, तरी जमीन त्याने दिलेली नसते, कारण ती त्याची नव्हतीच. बिल्डर आला की हा जमीन मालक अचानक समोर येतो, आणि आपला माणूस म्हणतो की मला तर कोणी सांगितलेच नाही. वक्फची जागा असेल तर प्रश्न याहून कठीण, कारण वक्फ मिळकतीची विक्री कायद्याने चालत नाही, मुतवल्लीने कितीही खात्री दिली तरी.

मुंबई शहरात, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंत, खेड्यासारखा सातबारा नसतो. जमिनीची नोंद जिल्हाधिकाऱ्यांच्या दप्तरात असते आणि ते कार्यालय फोर्टमध्ये, जुन्या कस्टम हाऊसमध्ये आहे. बयाणा देण्यापूर्वी एक सकाळ काढून तेथे जावे, भूकर क्रमांक सांगून उतारा घ्यावा, आणि धारणाधिकाराच्या रकान्यात वर सांगितलेल्यांपैकी कोणता शब्द आहे ते आधी वाचावे. उपनिबंधकाच्या कार्यालयातला तीस वर्षांचा शोध त्यानंतर वकिलाकडून करून घ्यावा.