उजेड खिडकीचा, फोटो पोरांचा

घरात मुलांचे फोटो काढताना आधी ट्यूबलाइट बंद करावी. दिव्याचा आणि खिडकीचा उजेड वेगवेगळ्या रंगांचा असतो. दोन्ही मिसळले की गालांवर विचित्र छटा उतरतात.

मूल खिडकीपासून दोन-तीन फुटांवर, उजेडाकडे तिरकं बसवावं. सतराव्या शतकातल्या व्हर्मीरच्या ‘द मिल्कमेड’ चित्रात उजेड असाच डावीकडच्या खिडकीतून येतो. थेट ऊन असेल तर पातळ पांढरा पडदा ओढावा. सावलीकडचा गाल फार काळवंडला तर त्या बाजूच्या खुर्चीवर आजोबांचं धुतलेलं धोतर टाकलं तरी भागतं. महागडा रिफ्लेक्टर हवाच असं नाही.

मूल स्थिर बसेल ही आशा मात्र सोडावी! शटर 1/250 सेकंद ठेवून आयएसओ वाढवावा. थोडे दाणे दिसले तरी चालतात, हललेला चेहरा नंतर सुधारत नाही.