चित्रं घरी, शिल्पं काळाघोड्याला

उन्हाळ्याच्या सुट्टीत मुंबईला आलेल्या पाहुण्यांची राणीची बाग, गेटवे आणि गिरगाव चौपाटी झाली की यजमानांना काळाघोड्याच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची आठवण होते. मग दोन तासांत सगळे मजले उरकायचे, पाय दुखले की दिसेल त्या बाकावर टेकायचं आणि बाहेर येऊन बर्फाचा गोळा खायचा, असा हा कार्यक्रम. ज्यांना मुंबई गाठणं जमत नाही त्यांनी मोबाइलवर पाहून घ्यावं, तेवढीच दुधाची तहान ताकावर, असं सर्वसाधारण मत. ते अर्धंच खरं आहे. या संग्रहाचा एक मोठा भाग पडद्यावर जास्त चांगला दिसतो आणि दुसरा मोठा भाग पडद्यावर जवळजवळ दिसतच नाही. घरबसल्या काय पाहायचं आणि कशासाठी उन्हातून जायचं याची वाटणी आधीच केली, तर सुट्टीतली ही भेट बरीच पदरात पडते.

पडद्यावर हमखास निसटणारी पहिली गोष्ट म्हणजे खुद्द इमारत. तिची कोनशिला ११ नोव्हेंबर १९०५ रोजी तेव्हाच्या प्रिन्स ऑफ वेल्सने, म्हणजे पुढच्या पाचव्या जॉर्जने, बसवली. वास्तुरचनाकार जॉर्ज विटेट. गेटवे ऑफ इंडियाही त्यांचाच. बांधकाम १९१४ मध्ये पुरं झालं, पण महायुद्ध सुरू असल्याने नव्या कोऱ्या इमारतीत आधी लष्करी रुग्णालय थाटलं गेलं आणि संग्रहालयाची दारं लोकांसाठी १० जानेवारी १९२२ रोजी उघडली. भिंतींना कुर्ल्याचा निळसर काळा दगड आणि मालाडचा पिवळसर दगड, वर विजापूरच्या गोल घुमटावरून बेतलेला घुमट. मे महिन्याच्या दुपारी बाहेरच्या लखलखाटातून मधल्या दिवाणखान्यात पाऊल टाकलं की उजेड, आवाज आणि हवा तिन्ही एकदम बदलतात. तिथे डोक्यावर घुमट आणि भोवती नाशिकच्या एका वाड्यातून आणून उभारलेली कोरीव लाकडी कमानींची रांग आहे. छायाचित्रात ती नुसती नक्षी वाटते. तिच्याखालून चालताना मात्र ती कोणाच्या तरी घराचा भाग होती हे लक्षात येतं. कॅमेऱ्याला घुमटाचा आकार टिपता येतो. त्याची उंची मान मागे टाकून स्वतःच मोजावी लागते.

लघुचित्रांचं नेमकं उलटं आहे. ही चित्रं भिंतीवर टांगण्यासाठी कधी काढलीच गेली नव्हती. ती पोथीत किंवा मुरक्क्यात, म्हणजे चित्रांच्या बांधीव संग्रहात, असत, मांडीवर घेऊन, डोळ्यांपासून वीतभर अंतरावर धरून पाहिली जात. आज ती काचेमागे आणि मंद उजेडात असतात, आणि त्याला इलाज नाही. कागदावरच्या रंगांवर साधारण ५० लक्सच्या वर प्रकाश पडू देऊ नये, असा जगभरच्या संग्रहालयांचा प्रघात आहे. चित्रं टिकायची तर तो पाळावाच लागतो. पण त्यामुळे अकबरकालीन ‘अन्वार-इ-सुहैली’ या सचित्र पोथीच्या पानासमोर उभा असलेला माणूस काचेवर नाक टेकवून डोळे ताणतो, तोवर मागून रेटा येतो आणि तो पुढे सरकतो. एका केसाच्या कुंचल्याने काढलेली पापणी त्याला दिसत नाही. पडद्यावर दोन बोटांनी चित्र मोठं केलं की ती दिसते, आणि मागे रांगही नसते.

मेवाडचं रामायण हे याचं सगळ्यात ठळक उदाहरण. उदयपूरचे महाराणा पहिले जगतसिंह यांच्यासाठी १६४९ ते १६५३ या काळात ही सचित्र पोथी तयार झाली. मजकूर महात्मा हिरानंद या जैन लेखनिकाने उतरवला. चित्रं काढणाऱ्यांत साहिबदीन आणि मनोहर हे दोन मोठे चित्रकार. मनोहरने चितारलेल्या बालकांडाची बरीच पानं मुंबईच्या या संग्रहालयात आहेत. चार कांडं मात्र महाराणा भीमसिंहांनी कर्नल जेम्स टॉडला भेट दिली आणि ती अखेर लंडनला, आज ब्रिटिश लायब्ररीत पोहोचली. उरलेली पानं इतरत्र विखुरली. म्हणजे विमानाची तिकिटं काढून सगळी शहरं पालथी घातली, तरी हे रामायण ओळीने पाहता आलं नसतं. २०१४ मध्ये ब्रिटिश लायब्ररी आणि मुंबईच्या संग्रहालयाने मिळून विखुरलेली पानं डिजिटल रूपात एकत्र आणली, तेव्हा कुठे पोथी पोथीसारखी चाळता आली. पानाच्या एका बाजूला चित्र, दुसऱ्या बाजूला श्लोक. काचेच्या पेटीत एका वेळी एकच बाजू दिसते, पडद्यावर दोन्ही. शिवाय या चित्रांत एकाच चौकटीत तोच राम तीन-चार जागी असतो: इथे निघालेला, तिथे पोहोचलेला, कोपऱ्यात कोणाला तरी निरोप देणारा. कथा कुठून सुरू होऊन कुठे वळते हे बोटाने माग काढत वाचायचं असतं. त्याला निवांत वेळ लागतो, आणि दुपारी दार-खिडक्या लावून घेतलेल्या घरात तो असतो.

पडद्यावरचे रंग खोटे, आकार खोटा, हा आक्षेप रास्त आहे. पोथीचं पान आणि भिंतभर तैलचित्र मोबाइलवर सारख्याच मापाचं होतं, सोन्याचा वर्ख पिवळट दिसतो. यावर उपाय साधा आहे. तळाशी दिलेली लांबी-रुंदी वाचायची आणि पट्टी घेऊन कागदावर तेवढी चौकट आखायची. मुलं हे आनंदाने करतात. सोन्याचं म्हणाल, तर पान हातात घेऊन तिरकं केल्याशिवाय ते खरं चमकत नाही, आणि ती मुभा दालनातही कोणाला नाही. अधिक गंभीर आक्षेप पडद्याच्या भरवशाचा आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबरहल्ला झाला आणि तिची डिजिटल हस्तलिखितं दीर्घकाळ वाचकांना मिळेनाशी झाली. कागद शाबूत होता, दिसायचा बंद झाला. तेव्हा पडदा पाहण्यासाठी वापरावा. जतनाचं काम त्याच्यावर सोपवू नये.

दगड आणि माती यांच्यासाठी मात्र काळाघोड्याला जायलाच हवं. सिंधमधल्या मीरपूर खास इथल्या विटांच्या स्तूपाचं उत्खनन हेन्री कझिन्सने १९०९-१० मध्ये केलं. तिथल्या भाजलेल्या मातीच्या बुद्धमूर्ती आणि हाती कमळं घेतलेला उपासक या संग्रहालयात आहेत. साधारण पंधराशे वर्षांपूर्वीच्या त्या मातीवर रंगाचे अंश अजून टिकून आहेत. समोरून पाहिलं तर उपासक शांत वाटतो. दोन पावलं बाजूला सरकलं की वस्त्राच्या चुण्या आणि कुरळ्या केसांचे थर सुटे होऊन दिसू लागतात. ऐहोळेच्या देवळाच्या छतातल्या ब्रह्मा, विष्णू आणि शिवाच्या शिळांचीही तीच गोष्ट. मूळ जागी त्या मान वर करूनच पाहाव्या लागत. इथे त्यांच्या जवळ जाता येतं आणि छिन्नी कुठे खोल गेली, कुठे नुसती फिरली ते कळतं. छायाचित्रकार एक कोन निवडतो आणि तिथेच शिल्पाचं चित्र होऊन बसतं. त्रिमितीय स्कॅन फिरवून पाहता येतं हे खरं, पण त्यात वजन नसतं.

घरी एवढं दिसू लागलं तर संग्रहालयात येणार कोण, अशी धास्ती काही जणांना वाटते. अनुभव उलट सांगतो. जगात सर्वाधिक छापलं गेलेलं चित्र मोनालिसा, आणि लूव्रमध्ये गर्दीही तिच्याच पुढे. ओळखीच्या वस्तूला भेटायला माणसं येतात. अनोळखी वस्तूंच्या रांगेसमोरून ती चालत जातात. मुलं आधीच मोबाइलला चिकटलेली, त्यात ही भर कशाला, हा पालकांचा सवालही योग्यच. बोट सरकवत जाणं आणि एका पानावर वीस मिनिटं थांबणं या वेगळ्या सवयी आहेत, आणि दुसरी लावायला शेजारी मोठं माणूस बसावं लागतं. आवारात २०१९ पासून मुलांसाठी स्वतंत्र बालसंग्रहालय आहे. सुट्टीतल्या कार्यशाळांत हात मातीत आणि रंगात घालायला मिळतात. त्यासाठी मात्र मुंबईतच असावं लागतं.

मुंबईपासून दूर राहणाऱ्यांसाठी संग्रहालयाची बस २०१५ पासून शाळाशाळांत फिरते. पण मे महिन्यात शाळाच बंद, त्यामुळे सुट्टीत परभणी-गडचिरोलीच्या मुलांना पडद्याचाच आधार. तिथे खरी अडचण वेगळी आहे: ऑनलाइन माहितीचा मोठा भाग इंग्रजीत आहे. बालकांडाच्या प्रत्येक चित्राखाली प्रसंग कोणता आणि त्यात कोण कुठे उभं आहे, एवढं दोन ओळींत मराठीत लिहिलं तरी काम भागेल. यज्ञातला पायसाचा वाटा कोणत्या राणीला किती मिळाला, हे आजीला ठाऊकच असतं. तिला फक्त चित्रात बोट कुठे ठेवायचं ते सांगायला हवं.